दुसऱ्या वर्षाचं तोरण

दसरा सरला की जळगावची बाजारपेठ रस्त्यावर उतरते. प्लास्टिकची झेंडूची तोरणं, चिकटवायची लक्ष्मीची पावलं, थर्माकोलचे कलश, बटण दाबलं की रंग बदलणारे दिवे. परवा ऑफिसातून येताना रिक्षात बसल्या बसल्या मोबाइल उघडला, तर एक हसतमुख बाई सांगत होती की सणासाठी घर सजवणं किती सोपं असतं. चार फुलं, दोन पणत्या, थोडी हौस. एवढं असलं की कुणाचंही दार सुंदर दिसतं म्हणे. कुणाचंही! मी मोबाइल बंद करून पर्समध्ये टाकला. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं, कारण मी मोठ्याने काहीतरी बोलले असणार.

मला राग येतो. या दिवसांत तर येतोच. हवेत जरा गारवा येतो, उन्हाचा पिवळेपणा बदलतो, माहेरच्या गावाकडे, असोद्याच्या रस्त्याला कापसाच्या बोंडांतून पांढरं डोकावायला लागतं, आणि माझ्या कपाळाची शीर उडायला लागते. घरातले म्हणतात, दिवाळीच्या कामाचा ताण आहे. मी त्यांना तसं समजू देते.

लहानपणी हाच मोसम आमचा सगळ्यात लाडका होता. आम्ही दोघी बहिणी, मी शैला आणि माझ्याहून धाकटी नंदा. भादव्याच्या पुनवेला घरात गुलाबाई बसायची. मातीची ती रंगीत जोडी, गुलाबाई आणि तिचा नवरा, कोनाड्यात मांडायची आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरींनी गाणी म्हणायची, डब्यातला खाऊ ओळखायचा. मला त्यात खाऊ महत्त्वाचा वाटे. नंदाला मखर. शाळेतून आली की ती दप्तर टाकून आबांच्या मागे शेतात जायची आणि ज्वारीची हिरवी ताटं खांद्यावर घेऊन यायची. ती वाकवून, सुतळीने बांधून तिने कमान केली की कोनाड्याचं देऊळ व्हायचं. कमानीला ती काय काय लटकवायची! फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे, तेरड्याची फुलं, कणसं, आणि देठासकट खुडलेली कापसाची पहिली बोंडं. संध्याकाळी चिमणीच्या उजेडात ती बोंडं आतून पेटल्यासारखी दिसायची. गल्लीतल्या बाया मुद्दाम बघायला यायच्या. म्हणायच्या, "ह्या पोरीच्या हातात लक्षुमी हाये."

दसऱ्याला दाराचं तोरण तीच ओवायची. दिवाळीला अंगण तिचं. माय, म्हणजे आमची आई, पहाटे सडा घालून ओल्या अंगणातून बाजूला व्हायची आणि नंदा रांगोळीचा डबा घेऊन बसायची. आबा केळीच्या बागेतून दोन खुंट तोडून आणायचे, दाराच्या दोन्ही अंगांना बांधायचे आणि मागे सरकून नंदाला विचारायचे, "पाह्य वं, सरय हाये का?" ती मान वाकडी करून बघायची, "डावीकडचा जरासा आत घ्या आबा," म्हणायची आणि आबा मुकाट्याने तो आत घ्यायचे. आमच्या घरात आबांना सरळ-वाकडं सांगणारी ती एकटीच.

नंदा शिकली, प्राथमिक शिक्षिका झाली, धुळ्याला दिली. प्रकाशदाजी भला माणूस. हसायचे कमी, पण नंदाने काही मांडलं की दारात थांबून बघायचे. खाली सासूबाई, मोठे दीर आणि जाऊ, वर नंदा आणि दाजी. वरचा मजला दोघांच्या पगारातून चढलेला, पण जिना घरातून, म्हणजे बाहेरचं दार एकच. त्या एका दारावर तिने किती वर्षं तोरणं बांधली. मोठ्या जाऊबाई, शोभाताई, कौतुकाने म्हणायच्या, "आमच्या नंदाला बोलवा, तिच्याशिवाय आमच्या दाराला शोभा नाही." मग स्वतःच्याच नावावर स्वतःच हसायच्या. नंदाच्या सासूला सगळे जिजी म्हणतात. जिजी तरुणपणीच विधवा झालेल्या. सणाच्या दिवशी त्या मधल्या खोलीत पलंगावर बसलेल्या असत. सणाच्या दिवशी त्या बाहेर का येत नाहीत, हे मी कधी विचारलं नाही. कुणीच विचारत नसे. घरात पलंग असतो तसा तो प्रकार होता.

प्रकाशदाजी गेले ते अगदी अचानक. ऐन उन्हाळ्यात, दुपारी जेवून उठले आणि छातीवर हात ठेवून पुन्हा खाली बसले. बस्स. मुलगा नाशिकला शिकायला होता, तो पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं.

त्या पहिल्या वर्षाबद्दल माझी काही तक्रार नाही. पहिल्या वर्षी सगळ्या भावकीने सण पाळला नाही. खाली दारात पणती नाही, असोद्याला कंदील नाही, फराळ कुणी तळला नाही. माझ्या जळगावच्या घरातही मी काही लावलं नाही. सगळीकडे सारखा अंधार होता आणि त्या अंधारात माझी बहीण एकटी नव्हती. दुःख वाटून घेतात म्हणतात, तसं ते खरंच वाटलं गेलं होतं.

पण वर्ष सरलं. वर्षश्राद्ध झालं. लोकांनी कपडे झटकले आणि सण पुन्हा आपापल्या घरी नेले. दुसऱ्या वर्षापासून ते सुतक फक्त तिचं उरलं. हे कुणी तिला सांगितलं नाही. तिला ते दारात उभं राहिल्यावर कळलं.

त्या दुसऱ्या वर्षीच्या दसऱ्याला मी मुद्दाम धुळ्याला गेले होते. आदल्या दिवशी नंदाच्या शाळेत पाटीपूजन होतं. साक्रीच्या पलीकडे डोंगरातल्या एका गावात तिची शाळा आहे, रोज एसटीने जाते-येते. मला म्हणाली, "चल अक्का, बघ माझी पोरं." मी गेले. पोरांनी रानातून फुलं आणली होती, नावं मला माहीत नसलेली पिवळी-जांभळी. वर्गाच्या दारापुढे हेडमास्तरांनी स्वतः पाणी शिंपडलं आणि म्हणाले, "मॅडम, रांगोळी तुम्हीच." ती बसली. तिच्याभोवती पोरींचा घोळका. बोटांतून पांढरी रेघ सुटली आणि मी कितीतरी दिवसांनी तिच्या खांद्यांचा ताण सुटलेला पाहिला. एका पोरीने तिच्या केसांत एक फूल खोचलं. तिने ते काढलं नाही. परतीच्या एसटीतसुद्धा काढलं नाही. उतरायच्या आधी मात्र हळूच काढून रुमालात ठेवलं.

सकाळी ती लवकर उठली. झेंडू आणि आंब्याची पानं ती आदल्या संध्याकाळीच घेऊन आली होती. आम्ही दोघी वर गच्चीवर बसून ओवत होतो. ती बोलत होती, बऱ्याच दिवसांनी बोलत होती, मुलाच्या परीक्षेबद्दल, शाळेच्या गळक्या छपराबद्दल. तोरण झालं. ती खाली उतरली, स्टूल घेतलं आणि दारावर बांधलं. उतरून मागे सरकली, मान वाकडी करून पाहिलं. सरळ होतं. मग ती चहा टाकायला आत गेली.

मी जिन्यात उभी होते, म्हणून मला दिसलं. शोभाताई न्हाऊन आल्या, दारापाशी थांबल्या, वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. मला ते आजही खुपतं, की राग नव्हता. त्यांनी स्टूल ओढलं, तोरण सोडलं, नीट गुंडाळलं आणि दाराच्या मागे खाली ठेवून दिलं. मग आतून दुसरं तोरण आणलं, बाजारातून आणलेलं, आणि ते बांधलं. तोरण अगोदरच आणून ठेवलेलं होतं. म्हणजे हे ठरलेलं होतं.

नंदा चहाचे कप घेऊन बाहेर आली आणि तिने पाहिलं.

"अगं, तू कशाला त्रास घेतलास?" शोभाताई म्हणाल्या. आवाजात नुसतं दूध-साखर. "मी होते ना. तू आता आराम करायचा."

मधल्या खोलीतून जिजींचा आवाज आला, "बस व बेटा. बठ्ठं काम मोठी करी लेई. आपला घरमा आशीच रीत शे."

मी जिना उतरले. "शोभाताई, ते का काढलं?"

"काही नाही हो ताई. सणाचं दार आहे. जरा बघावं लागतं."

"काय बघावं लागतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नंदाकडेही नाही. "चहा गार होतोय," म्हणाल्या.

नंदाने कप खाली ठेवले, दारामागचं तोरण उचललं आणि वर गेली. मी तिच्या मागे. मला वाटलं रडेल. तिने पलंगावर बसून तोरणाची गाठ सोडली, एकेक फूल दोऱ्यातून ओढून काढलं आणि सगळी फुलं पातेल्यात पाणी घालून त्यात टाकली. "उगाच सुकून जातील," एवढंच म्हणाली.

मी त्या दिवशी खाली जेवले नाही. एवढंच मला करता आलं. कुणी शिवी दिली असती, अपमान केला असता, हाताला धरून बाजूला केलं असतं, तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण तिथे सगळे तिची काळजी घेत होते. काळजीशी भांडायचं कसं? आपल्याकडे बाईला मारतात तेव्हा आवाज होतो. तिला पुसतात तेव्हा ओलं फडकं वापरतात.

जळगावला परतताना वाटभर मी स्वतःला समजावत होते, सासर आहे, जुनी माणसं आहेत. दिवाळीला माहेरी येईल. तिथे माय आहे. तिथे ते अंगण आहे.

दिवाळीला नंदा धनत्रयोदशीलाच असोद्याला आली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मीही सकाळीच गेले. जळगावहून असोदा लांब नाही, संध्याकाळी घरी परतून माझी पूजा करता येणार होती. पोचले तेव्हा सडा घालून झाला होता. अंगणाला तो ओला, गार वास येत होता. आबांनी केळीचे खुंट आणून भिंतीला टेकवले होते. भावाची बायको, आमची वहिनी, ओट्यावर बसून वाती वळत होती. तिला दिवस गेले होते, पहिलटकरीण, सगळं घर तिच्याकडे डोळे लावून होतं. नंदा रांगोळीचा डबा घेऊन पायरी उतरत होती.

"नंदे," माय दारातून म्हणाली, "तू नोको काढू. शैला आली ना आता. शैला काढीन."

मला आधी कळलंच नाही. मी म्हणाले, "मला कुठे येते गं धड? तीच काढेल."

"तू काढ म्हनते ना मी."

नंदा पायरीवर तशीच थांबली. डबा तिच्या हातात होता. मायने पुढे होऊन तो घेतला. हिसकावून नाही. एखाद्या लेकराच्या हातून कात्री घ्यावी तसा घेतला. आणि माझ्यापुढे धरला.

"माय, काय करू राह्यली तू?" माझा आवाज चढला.

"हयू बोल. सूनबाई बसेल हाये. तिले दिवस गेलेत."

"मग?"

"मंग काय? पहिलं लेकरू हाये घरात. काही उलटं झालं तर लोकं काय म्हनतीन? तिलेच म्हनतीन. नंदीलेच. तिच्या भल्याचं सांगू राह्यली मी."

वहिनीचे हात वातीवर थांबले होते. आबा खुंटाची दोरी सोडवत होते, ते सोडवतच राहिले. ज्या माणसाने तिच्या शब्दावर खुंट हलवले, त्या माणसाला दोरीची गाठ सुटत नव्हती.

मी डबा घेतला नाही. म्हणाले, "तिने नाही काढायची तर मीही काढणार नाही. आणि नीट ऐक माय, ही तुझी लेक आहे. हिने काय केलं? हिच्या पायाने माणूस मेला? त्या लोकांनी दाराचं तोरण उतरवलं तेव्हा मी म्हटलं, परके आहेत. तू कोण आहेस?" आणखीही पुष्कळ बोलले. शेजारच्या ओट्यावर बाया आल्या. मला त्यांचं काही वाटलं नाही. उलट ऐकू दे म्हणून मी आणखी मोठ्याने बोलले.

मायने डबा खाली ठेवला. पदर खोचला आणि स्वतः खाली बसली. तिचे गुडघे गेलेले, धड वाकता येत नव्हतं. एक हात जमिनीला टेकून दुसऱ्या हाताने ती ठिपके टाकायला लागली. ओळी वाकड्या जात होत्या. मी बघत राहिले. मी मदत केली नाही आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

नंदा घरात गेली होती. थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचा आवाज आला, अगदी साधा, रोजचा.

"माय, डावीकडे एक ठिपका राह्यला."

मायचा हात थांबला. तिने मान वर केली नाही. डावीकडे सरकून तो ठिपका टाकला.

मी आत गेले. नंदा विळीवर भाजी चिरत होती. मी म्हणाले, "तू मायला ठिपके सांगतेस? मी तुझ्यासाठी एवढी भांडतेय आणि तू..."

"अक्का, चुकीची रांगोळी मला बघवत नाही."

"आणि हे बघवतं?"

तिने विळी आडवी केली. "तू भांडशील आणि संध्याकाळी जळगावला जाशील. सगळ्या गल्लीने ऐकलं. उद्या वहिनीला कळ आली, साधी पोटात कळ आली, तरी आज इथे काय झालं ते सगळ्यांना आठवेल. तुझा राग खरा आहे, मला माहीत आहे. पण तो माझ्या अंगावर पडतोय."

 राग तसाच होता आणि त्याला आता जायला कुठेच जागा नव्हती.

पाडव्याला सकाळी ती एसटीने धुळ्याला परत गेली. भाऊबीजेलाही थांबली नाही. पाडव्याला बायका नवऱ्याला ओवाळतात. त्या दिवशी ती कुठल्याच घरात बसायला तयार नव्हती, एसटीच्या सीटवर बसायला तयार होती. मी स्टँडवर सोडायला गेले. गाडीच्या बोनेटला ड्रायव्हरने झेंडूची माळ घातली होती. ती चढताना म्हणाली, "ह्यांचं बरं आहे. गाडीला कुणीही हार घालतं."

वहिनीला मुलगी झाली, धडधाकट. मी मायला फोनवर म्हणाले, "बघ, झालं ना सगळं नीट?" माय म्हणाली, "म्हनून तं नीट झालं." मी फोन ठेवून दिला. अशा माणसांना जिंकता येत नाही. काही झालं तर नियम मोडल्यामुळे, काही नाही झालं तर नियम पाळल्यामुळे.

नंदाने भांडण केलंच नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिने गवंडी बोलावला. वरच्या मजल्याची रस्त्याकडची भिंत फोडून तिथे चौकट बसवली आणि बाहेरून लोखंडी जिना लावला. मोठ्या दिरांनी विचारलं, "हे काय? घर फोडायचं ठरवलंस?" ती म्हणाली, "दादा, घर नाही फोडलं. भिंत फोडली." स्वयंपाक वर, येणं-जाणं बाहेरून, पण रोज संध्याकाळी जिजींच्या गुडघ्यांना तेल लावायला ती आतल्या जिन्याने खाली जायची. मला हे काही कळत नसे. मी म्हणायचे, कशाला जातेस? ती म्हणायची, गुडघे दुखतात त्यांचे.

त्या नव्या दारावर पहिल्या वर्षी तिने तोरण बांधलं तेव्हा मी तिथे नव्हते. तिने फोटो पाठवला. फोटोत नुसतं दार होतं, माणूस कुणी नव्हतं.

मग गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आबा गेले. पिकल्या वयात, चार दिवस अंथरुणात पडून. त्या वर्षी पुन्हा सगळीकडे अंधार. आणि यंदा पुन्हा ते दुसरं वर्ष.

घटस्थापनेला मी असोद्याला गेले होते. वहिनीची मुलगी अंगणात पळत होती. वहिनी घट मांडत होती, शेजारणी आल्या होत्या, ओट्यावर हळदीकुंकवाची ताटं. माय दिसेना. मी आत गेले. माय धान्याच्या कोठीजवळ, अंधाऱ्या खोलीत, गोणपाटावर बसली होती. तिला कुणी बसवलं नव्हतं. ती स्वतःहून बसली होती. हात मांडीवर, पालथे.

खरं सांगते, मला पहिल्यांदा दया आली नाही. पहिल्यांदा मनात आलं: आता कळलं? ओठांपर्यंत आलं होतं ते. मी तशीच उभी राहिले. तिने मान वर केली आणि म्हणाली, "बाहीर जाय तू. तू कायले बसते अठी?"

मी बाहेर आले आणि नंदाला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दसऱ्याला तिला इकडे घेऊन ये."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी मायला गाडीत घालून निघाले. पारोळा मागे पडेपर्यंत ती खिडकीतून कापूस बघत होती. मलाच राहवलं नाही.

"माय, त्या दिवाळीला तू तिच्या हातातून डबा घेतलास ना."

"हो."

"चुकलं ना तुझं?"

तिने खिडकीची काच वर केली. मग म्हणाली, "चुकलं म्हनते. मंग ते दिवायी वापस येईन का?"

मी गिअर बदलला. इतकी वर्षं मला तिच्याकडून हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि माझा राग तसूभर कमी झाला नाही. उलट वाढला. कारण तिचं खरं होतं.

दसऱ्याच्या सकाळी नंदाने दारातल्या पायरीपाशी चादर अंथरली आणि झेंडूची टोपली उपडी केली. पिवळा, केशरी ढीग. ऊन जिन्याच्या गजांमधून येऊन त्यावर पडलं होतं. माय आतल्या भिंतीला टेकून बसली होती, दारापासून जितकं लांब बसता येईल तितकी.

"माय, इकडे ये. झेंडू ओव," नंदा म्हणाली.

"मी? मी कसं वं?"

"सुईने."

माय हलली नाही. "सनाचं दार हाये बाई. तुहं तू कर."

मी तोंड उघडलं. नंदाने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी ते मिटलं. ती उठली नाही, मायला ओढलं नाही, समजावलंही नाही. तिने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, मुद्दाम की खरंच, माहीत नाही, तो जाईना. "चष्मा आत राहिला," ती पुटपुटली. माय थोडा वेळ बघत राहिली. मग बसल्या बसल्याच सरकत सरकत आली, तिच्या हातून सुई घेतली, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि एका खेपेत ओवलं. एकदा सुई हातात आल्यावर फूल उचलणं आपोआप झालं.

आम्ही तिघी ओवत होतो तेव्हा लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. हळूहळू, एकेका पायरीवर थांबत. जिजी होत्या. दार झाल्यापासून त्या या जिन्याने कधी वर आल्या नव्हत्या. मागे शोभाताई, त्यांना धरून, चेहरा कोरा. जिजी शेवटच्या पायरीवर गज धरून उभ्या राहिल्या, धापा टाकत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मायकडे पाहिलं. दोघींची पांढरी कपाळं एकमेकींसमोर. मी मनात बाह्या सरसावल्या. आता ही बाई काय म्हणेल आणि त्यावर मी काय म्हणेन, सगळं माझ्याकडे तयार होतं.

जिजी तोरणाकडे बघत होत्या.

"पाने उलटा लावात तुम्ही," त्या म्हणाल्या. "आंबाना पानना शेंडा खाले पाहिजे. हाई काय ध्यान दिखी ऱ्हायनं?"

नंदाने हातातलं पान उलटून पाहिलं.

"सरक," त्या नंदाला म्हणाल्या. गज सोडला, चादरीवर टेकल्या आणि हात पुढे केला. "सुई कोठे शे?"

नंदाने स्वतःची सुई दिली. जिजींनी शेवटची चार पानं काढून टाकली आणि देठ दुमडून, शेंडा खाली ठेवून, एकेक परत ओवायला घेतली. बोटं भराभर चालत होती. ज्या बाईला तिशीच्या आत मधल्या खोलीत बसवलं होतं, तिची बोटं. पलंगावर बसून इतकी वर्षं त्या बोटांनी काय केलं असेल? आणि त्याच तोंडाने नंदाला सांगितलं होतं, बस व बेटा. मला त्यांचा हात धरून ओरडावंसं वाटलं, येत होतं तुम्हाला! येत होतं ना! मग का?

शोभाताई पायरीवर तशाच उभ्या होत्या. बसू की जाऊ, त्यांना कळत नव्हतं. नंदा म्हणाली, "ताई, खालचं स्टूल देता का? माझं मोडलंय." शोभाताई गेल्या आणि स्टूल घेऊन आल्या.

तोरण झालं. नंदा स्टुलावर चढली आणि एक टोक खिळ्याला अडकवलं. दुसरं टोक माझ्याकडे होतं. खाली मी, मागे त्या तिघी माना वर करून.

"अक्का, वर घे थोडं. दोरा किती ताणतेस," नंदा म्हणाली. "राग नंतर कर. आधी नीट धर."

मी दोन्ही हातांनी धरलं.